यंत्राची बुद्धी मोजायची कशी: अंदाजाचा खेळ की डावपेचांचा?

अंदाजाच्या खेळात यंत्राने मजकुरातलं पुढचं अक्षर ओळखायचं. माहिती सिद्धांताचे जनक क्लॉड शॅनन यांनी १९५१ मध्ये हाच खेळ माणसांना देऊन इंग्रजीची एन्ट्रॉपी, म्हणजे दर अक्षरामागची सरासरी अनिश्चितता, अंदाजली होती. गुण स्वच्छ मिळतात: खऱ्या उत्तराला जितकी कमी शक्यता दिली, तितका दंड जास्त. पण मजकूर उलटा डाव टाकत नाही.

गेम थिअरीत, म्हणजे डावपेचांच्या गणितात, समोरचाही विचार करतो, आणि तिथेच मोजमाप अवघड होतं. छापा-काट्याच्या खेळात (दोघं गुपचूप छापा किंवा काटा निवडतात; जुळलं तर एक जिंकतो, नाही तर दुसरा) नुसतं नाणं उडवून चाल ठरवणाऱ्याला सरासरीत कोणीच हरवू शकत नाही. बुद्धी मात्र शून्य! प्रतिस्पर्ध्याची सवय हेरून तो जिंकतही नाही. म्हणजे गुण प्रतिस्पर्ध्यावर अवलंबून. २०१७ मध्ये लिब्राटस या संगणक प्रोग्रामने पोकरमध्ये चार व्यावसायिकांना हरवलं, त्याला वजन आलं ते म्हणूनच.

मी डावपेचांचा खेळ निवडेन, पण प्रतिस्पर्धी मधूनच सवय बदलणारा हवा.