सीपीआरचा वर्ग दोनदा केला, त्याबद्दल

अमेरिकेत, ओहायोतल्या सिनसिनाटीच्या उत्तरेला आमच्या उपनगरात फायर स्टेशनच्या मागच्या हॉलमध्ये महिन्यातून एका शनिवारी सीपीआर-एईडीचा वर्ग असतो (सीपीआर म्हणजे हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबत राहणं, एईडी म्हणजे हृदयाला शॉक देणारं छोटं यंत्र). साडेतीन तास, ६५ डॉलर, मिळणारं कार्ड दोन वर्षं चालतं. मी तो फेब्रुवारी २०२३ मध्ये केला आणि मुदत संपली म्हणून फेब्रुवारी २०२५ मध्ये परत केला. ओळखीतल्या तिघीचौघी विचारतायत, "कसा आहे गं? जाऊ का?" प्रत्येकीला फोनवर तीच कॅसेट लावण्यापेक्षा एकदा लिहून टाकते.

समाजसेवेचा उमाळा वगैरे येऊन मी गेले नव्हते. घाबरून गेले होते.

२ जानेवारी २०२३, सोमवारची रात्र. पेकॉर स्टेडियमवर बफेलो बिल्स विरुद्ध आपले सिनसिनाटीचे बेंगल्स. नवऱ्याच्या ऑफिसातून तिकिटं मिळाली होती आणि आमचे चिरंजीव तेव्हा अकरा वर्षांचे, त्यामुळे "नको" म्हणायची सोयच नव्हती. (इथलं फुटबॉल म्हणजे पायाने कमी आणि हातानेच जास्त खेळतात ते. सांगलीच्या मावशीला हे दर फोनला नव्याने सांगावं लागतं.) मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. पण बेंगल्सचे अकरा विजय, बिल्सचे बारा, म्हणजे मॅच मोठी, हे लेकाने गाडीत इतक्या वेळा ऐकवलं होतं की मीच कुणाला तरी समजावून सांगितलं असतं.

आम्ही पार वरच्या मजल्यावर. साडेआठला खेळ सुरू झाला. पहिल्या क्वार्टरची सहाएक मिनिटं उरली असताना, स्कोअर ७-३, बेंगल्स पुढे, त्यांच्या टी हिगिन्सने बॉल पकडला. बिल्सच्या डामार हॅम्लिनने त्याला पाडलं. हॅम्लिन उठला, पाऊल टाकलं न टाकलं तोच मागच्या मागे उताणा कोसळला. टक्कर होऊन पडतात तसा नाही. घरातली वीज गेल्यासारखा.

माझ्या पुढच्या रांगेतला माणूस नाचोज खात होता. त्याचा हात ट्रे आणि तोंड यांच्या मध्ये थांबला आणि तिथेच राहिला. चीज ओघळून मांडीवर पडत होतं, त्याला पत्ता नव्हता. मी त्या मांडीकडेच बघत राहिले, कारण खाली बघवत नव्हतं आणि तसंही काही दिसत नव्हतं: बिल्सच्या खेळाडूंनी त्याच्याभोवती कडं केलं होतं. ॲम्ब्युलन्स मैदानात आली. मागच्या रांगेतली कॉलेजची मुलं फोनवरून आम्हाला बातम्या सांगत होती: त्याला सीपीआर देतायत. म्हणजे स्टेडियममध्ये बसून स्टेडियममध्ये काय चाललंय ते आम्ही फोनवर वाचत होतो.

मग फोनमधून आणखी एक बातमी आली: टीव्हीवर म्हणतायत, पाच मिनिटं वॉर्म-अप करून खेळ परत सुरू होणार. (फुटबॉलची लीग म्हणजे एनएफएल, तिच्या ट्रॉय विन्सेंट यांनी त्याच रात्री ठासून सांगितलं की आम्ही असं काही म्हटलंच नव्हतं. टीव्हीवरचे समालोचक जो बक यांनी तर ते जाहीरपणे अनेकदा सांगितलं होतं. खरं काय ते तेच जाणोत.) आमच्या भागात त्यावर दोन प्रतिक्रिया उमटल्या. बेंगल्सची जर्सी घातलेल्या एका आजीबाई उभ्या राहून एवढंच म्हणाल्या, "नाही खेळणार ती मुलं." आणि कॉलेजच्या मुलांपैकी एकजण हळूच पुटपुटला, "मग माझे फँटसी लीगचे पॉइंट?" आजींनी मागे वळून त्याच्याकडे असं पाहिलं की पोराने फोन खिशातच टाकला. पण मला त्याचा तेवढा राग आला नाही. मला स्वतःला त्या क्षणी पार्किंगमधून बाहेर पडायला किती वेळ लागेल हे आठवलं होतं. डोकं काय वाट्टेल ते आणून पुढ्यात टाकतं.

खाली दोन्ही कोच, शॉन मॅकडरमट आणि झॅक टेलर, रेफरीशी बोलले आणि टीम आत निघून गेल्या. दहाच्या सुमाराला मॅच पुढे ढकलल्याचं जाहीर झालं. कुणी हुर्यो केली नाही, पैसे परत मागितले नाहीत. रॅम्पवरून एवढी माणसं उतरत होती आणि ऐकू काय येत होतं, तर फक्त बुटांचा आवाज.

गाडीत लेकाने विचारलं, "आई, आपल्यासमोर कुणी असं पडलं तर तू काय करशील?"

"ॲम्ब्युलन्स बोलावेन."

"ती येईपर्यंत?"

दुसऱ्याच दिवशी वर्गाची वेबसाइट उघडली. जानेवारीची बॅच भरलेली. फेब्रुवारीला त्यांनी जास्तीचा वर्ग लावला तेव्हा कुठे नंबर लागला.

पहिल्या वेळी आम्ही चोवीसजण होतो आणि बाहुले सहा. बाहुला म्हणजे नुसतं धड आणि डोकं, हातपाय नाहीत. छाती किमान पाच सेंटीमीटर दबली की आतून टक् असा आवाज येतो आणि मिनिटाला १०० ते १२० चा वेग बरोबर असला की खांद्यावर हिरवा दिवा लागतो. कणीक मळणारीला ताकद कमी पडणार नाही, अशी माझी समजूत होती. दीड मिनिटात घामाघूम. हाताने दाबायचंच नसतं, कोपर ताठ ठेवून कमरेतून अख्खं वजन टाकायचं असतं, हे आमच्या सरांनी (निवृत्त फायरमन, मोजकं बोलणारे, भुवया मात्र बोलक्या) माझ्या पाठीवर हात ठेवून दाखवलं. बरगडी मोडली तर? "मोडू दे. जुळते."

मोजणं मोठ्याने करायचं होतं. घाबरलं की मी मराठीतच मोजते. सगळं हिरवं हिरवं चाललेलं आणि अचानक दिवा पिवळा. परत सुरू, परत पिवळा. तिसऱ्यांदा सर वाकून म्हणाले, "दर वेळी त्याच ठिकाणी तुमचा हात अडखळतोय. तिथे आहे काय?"

तिथे एकोणीस होता. पुढे एकोणतीसही होता. अठरापर्यंत घोडा चौखूर, आणि एकोणिसाला जीभ अडकली की हातही अडकतो. सरांना मराठी आकड्यांची ही गंमत समजावली, तर ते गंभीरपणे म्हणाले, "मग दहापर्यंतच मोजा. तीनदा."

या वर्गातली सगळ्यात उत्तम गोष्ट मात्र बाहुला नव्हे. शेवटच्या तासात सर एक प्रसंग उभा करतात, ज्याला ते ‘मैदान’ म्हणतात. एकजण छाती दाबतो, एकजण ९११ ला (इथला आणीबाणीचा नंबर) फोन करतो, एकजण एईडी आणायला पळतो, एकजण कोच. उरलेले सगळे बघे. आणि बघ्यांनी गप्प बसायचं नाही. बघे जे जे बोलतात ते सगळं बोलायचं.

फेब्रुवारी २०२३ मध्ये कुणालाही संवाद शिकवावे लागले नाहीत. महिनाभर सगळ्यांनी तेच ऐकलं होतं. "कोविडची लस घेतली होती का याने?" "हिगिन्सनेच डोकं घातलं." (त्या बिचाऱ्याला लोकांनी नेटवर काय काय ऐकवलं होतं. त्याने नंतर सांगितलं की हॅम्लिनच्या आईशी बोलणं झालं, तेव्हा कुठे जरा बरं वाटलं.) "हलतोय तो, उठेल आत्ता." "व्हिडिओ काढ, व्हिडिओ." "किती वेळ लागेल अजून?" अठरा-वीस माणसं चारी बाजूंनी बडबडतायत आणि त्यात छाती दाबणाऱ्याने लय सोडायची नाही. मघाशी शांततेत सगळ्यांचा दिवा हिरवा होता. या गोंगाटात बहुतेकांचा पिवळा झाला.

मी कोच होते. मला एकच वाक्य होतं: आज खेळ होणार नाही. सोपं ना? मी म्हणाले, "मला वाटतं, बहुतेक, आपण जरा थांबावं का?" सरांच्या भुवया वर. पुन्हा. "सगळ्यांची हरकत नसेल तर..." पुन्हा. चौथ्यांदा मी लेकाला ज्या आवाजात टीव्ही बंद करायला सांगते तो आवाज लावला, तेव्हा पास झाले.

मधल्या सुट्टीत कॉफीच्या टेबलावर चांगलीच जुंपली. एक सॉकर कोच २०२१ च्या कोपनहेगनची गोष्ट सांगत होता. डेन्मार्क-फिनलंड मॅचमध्ये डेन्मार्कचा एरिक्सन कोसळला, तो शुद्धीवर आहे असं कळल्यावर खेळाडूंना विचारलं गेलं की उरलेली मॅच आज रात्री संपवता की उद्या दुपारी. "हा काय पर्याय झाला?" तो म्हणाला. सर म्हणाले की १९७१ मध्ये डेट्रॉइटच्या फुटबॉल टीमचा चक ह्यूज मैदानावर कोसळला, त्याला बाहेर नेलं आणि उरलेला मिनिटभराचा खेळ उरकून घेतला. ह्यूज वाचला नाही. टेबलावर जरा वेळ कुणी बोललं नाही.

आणि मग एक पोटतिडकीचा बेंगल्सवाला होता. लीगने ५ जानेवारीला मॅच रद्दच केली, मग प्लेऑफचे (बाद फेरीचे) नियम वाकवले, एका शक्यतेत तर मॅच आपल्या मैदानावर की त्यांच्या, हे नाणेफेकीवर ठरणार होतं, म्हणून त्याचा नुसता तळतळाट. बेंगल्सच्या जो मिक्सनने पुढच्या मॅचमध्ये टचडाउननंतर नाणं काढून उडवलं होतं, ते याने आम्हाला दोनदा करून दाखवलं. मला वाटलं, काय हा माणूस. नंतर कळलं की गरजू मुलांना खेळणी द्यायच्या हॅम्लिनच्या निधीला त्याने त्याच रात्री ५० डॉलर पाठवले होते. २,५०० डॉलर जमवायला काढलेला तो निधी, लोकांनी ९० लाखांच्या वर नेला. हा माणूस लीगला शिव्या देत होता आणि बाहुल्याची छाती सगळ्यांत नीट दाबत होता. दोन्ही एकाच पोटात मावतं.

आता कुरकुर. वर्गाआधी घरी तासभराचे व्हिडिओ बघावे लागतात, ते कंटाळवाणे आहेत आणि तेच सगळं वर्गात परत सांगतात. फरशीवर गुडघे टेकून मी दोन दिवस जिना उतरताना देवाचं नाव घेत होते. एईडीला जेमतेम वीस मिनिटं दिली. खरं तर ते यंत्र माणसाची अर्धी भीती घालवतं: पट्ट्या कुठे लावायच्या ते चित्रात असतं, पुढचं सगळं ते स्वतः बोलून सांगतं, गरज नसेल तर शॉक देतच नाही. प्रत्येकाच्या हातात ते दोनदा तरी यायला हवं होतं. आणि सहाच्या सहा बाहुले पुरुषाचे. बाई पडली तर कपड्यांचं काय, असं मी विचारलं. सरांनी न लाजता सरळ सांगितलं की कापायचे, ब्रासुद्धा, कात्री एईडीच्या पिशवीत असते. उत्तर चोख, पण सराव नाही. कार्ड ईमेलवर यायला अकरा दिवस.

दुसऱ्या वेळी, २०२५ ला, गुडघ्यांखाली मॅट होत्या, बाहुल्यांत एक बाई होती, कार्ड त्याच संध्याकाळी आलं. एईडीही मनसोक्त हाताळायला मिळालं. कारण आम्ही पाचजण होतो. बाहुले सहा, माणसं पाच. दोघींना डेकेअरच्या नोकरीसाठी कार्ड हवं होतं, एक जिमवाला, एक नुकतेच बाबा झालेले गृहस्थ आणि मी. एप्रिल २०२३ मध्ये हॅम्लिनने स्वतः सांगितलेलं कारण आता सरांच्या शिकवण्यात आलंय: कोमोशियो कॉर्डिस, म्हणजे ठोक्यांमधल्या एका निसटत्या क्षणी छातीवर नेमका फटका बसून हृदयाची लय बिघडणं. बिल्सचे ॲथलेटिक ट्रेनर डेनी केलिंग्टन यांनी मैदानावरच सीपीआर दिला, आणि हॅम्लिन त्याच वर्षी ऑगस्टमध्ये परत खेळायला उतरला. सर हे सांगत असताना डेकेअरवाली मुलगी म्हणाली, "अच्छा, ते इथे झालं होतं?" ती नव्यानेच राहायला आलीय, तिचा काय दोष.

पण ‘मैदान’ झालं नाही. एक छाती दाबणार, एक फोन, एक एईडी, एक कोच. बघ्या म्हणायला उरला एकटा जिमवाला. त्याने प्रामाणिकपणे दोन-तीनदा "व्हिडिओ काढू का?" असं विचारलं आणि मग त्यालाच हसू फुटलं. सरांनी तो प्रसंग सोडून दिला. ६५ डॉलरमधली सगळ्यात मोलाची वीस मिनिटं अशी गेली. पहिल्या वेळी मी पाचपैकी साडेचार दिले असते, या वेळी साडेतीन.

एक उपयोग मात्र झाला. परत आल्यावर लेकाच्या मैदानावर विचारलं, तुमचं एईडी कुठे आहे? आहे की, म्हणाले, खाऊच्या टपरीत. टपरीला कुलूप. किल्ली ज्यांच्याकडे, ते फक्त रविवारी येतात. मुलांचा सराव मंगळवार आणि गुरुवार. मी तो टीव्ही बंद करायला सांगायचा आवाज काढला. आता ते यंत्र बाहेरच्या भिंतीवर, विनाकुलपाच्या पेटीत आहे.

तर विचारणाऱ्या बायांनो, जा. सैल पँट घाला, केस बांधा, व्हिडिओ आदल्या रात्री दीडपट वेगाने उरका. मराठीत मोजणार असाल तर दहाच्या पुढे जाऊ नका. आणि एकेकटीने वेगवेगळ्या महिन्यांत जाऊ नका, चौघी एकाच शनिवारचं नाव घाला, जमलं तर नवरेही न्या. सरांना बघे कमी पडतायत.