धुवायच्या फिल्टरवरचा बाण धुऊन गेला : अकरा महिने वापरल्यावर

परवा गाडीचा ब्लोअर सुरू केला आणि तोंडावर धुळीचा भपकारा आला. शेजारी बसलेल्या बायकोला सलग सात शिंका. केबिन फिल्टर, म्हणजे गाडीत येणारी हवा गाळणारा, आदल्या दिवशीच धुऊन, वाळवून मीच बसवला होता, त्यामुळे दुसऱ्या कुणावर ढकलायची सोय नव्हती. ग्लोव्हबॉक्स उघडून पाहिलं तर फिल्टर उलटा. कारण हवेची दिशा दाखवणारा बाण आता त्याच्यावर शिल्लकच नाही.

धुवायचा फिल्टर घेतला तो निव्वळ कंजूषपणापोटी. कागदी फिल्टर वर्षाला किंवा १५,००० किलोमीटरला बदला म्हणतात, आणि दर वेळी तो कचऱ्यात टाकताना माझा जीव हळहळतो. तीन कागदी फिल्टरांच्या पैशात हा एक आला. चौथ्या वर्षापासून सगळं फुकट, असा हिशेब. सुरुवातीला खूशही होतो. पूर्वी ब्लोअर तीनवर ठेवावा लागे, आता दोनवर तेवढीच हवा.

पण तो बाण! पहिल्या धुण्यात फिका झाला, दुसऱ्यात शेपूट गेली, तिसऱ्यात सगळाच गेला. धुण्यासाठी म्हणून विकलेल्या वस्तूवर पाण्याने जाणारी शाई वापरायची, याला काय म्हणावं? बरं, दिशा चुकली तर चालतं असंही नाही. या फिल्टरची हवा आत येते ती बाजू विरळ आहे, मागची दाट. धुऊनही घड्यांच्या तळाशी थोडी बारीक धूळ राहतेच; फिल्टर उलटा बसला की तीच सुटून थेट नाकात.

कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन केला. "सर, बाणाचा फोटो पाठवा." म्हटलं, बाण नाही हीच तर तक्रार आहे. "मग फोटोशिवाय तक्रार नोंदवता येणार नाही, सर." इथे मी फोन ठेवला.

एवढा राग बाणावर काढला खरा, पण हे लिहिताना जाणवतंय की दोनवर मिळणाऱ्या जास्त हवेचं कौतुक मी जरा घाईत केलं. हवा जास्त येते, कारण जाळी विरळ आहे. चांगल्या कागदी फिल्टरच्या तंतूंवर स्थिर विद्युतभार असतो, त्यामुळे २.५ मायक्रॉनच्या आतले कणही बरेचसे चिकटून राहतात. (म्हणून तो साबणाने धुऊन पुन्हा वापरू नये. मी वापरला आहे. भार जातो, उरतं नुसतं गाळणं.) माझ्या धुवायच्या फिल्टरात असा भार नाही. परागकण, जाडी धूळ, वाळकी पानं तो नीट अडवतो. पुढच्या ट्रकचा धूर मात्र आत येतो, वासासकट, कारण कार्बनचा थरही नाही. ज्यांना दमा आहे त्यांनी याच्या वाटेला जाऊ नये.

वाळवण्याचंही सांगतो. सावलीत पूर्ण दिवस लागतो, दमट हवेत दीड. दुसऱ्या वेळी घाईने ओलसरच बसवला, तर आठवडाभर गाडीत भिजलेल्या मोज्यांचा वास. फिल्टर बाहेर वाळत असेपर्यंत ब्लोअर बंदच ठेवावा, नाहीतर धूळ कूलिंग कॉइलच्या पात्यांत जाऊन बसते आणि तिथून काढणं महाग पडतं.

तरी टाकून देणार नाही. पैसे वसूल व्हायचेत. आता धुराच्या दिवसांत कागदी कार्बनवाला, एरवी हा. आणि चौकटीच्या प्लॅस्टिकवर तापवलेल्या सुईने बाण कोरलाय, जरा वाकडा आलाय, पण पाण्याने जाणार नाही. कोरण्याआधी कुठली बाजू जास्त मळलीय ते पाहून घेतलं होतं. हवा तिकडून येते.

रविवारी चौथी धुलाई. नंतरची पहिली फेरी मी एकट्याने मारायची, असं घरून बजावण्यात आलं आहे.