अंडाशयं काढल्यावर इस्ट्रोजन जेल: मृगापासून संक्रांतीपर्यंतचा अनुभव

आधी माझी माहिती देते, कारण हा अनुभव कुणाला लागू पडेल आणि कुणाला नाही हे त्यावरच ठरतं. वय 44. राहायला बेळगावात, शहापूर भागात. एका पतसंस्थेत कॅश काउंटर सांभाळते. गर्भाशयात गाठी होत्या, पाळीत अतोनात रक्त जायचं, हिमोग्लोबिन सातवर आलं होतं. गेल्या वर्षी शिमग्याच्या सुमारास पिशवी काढली आणि त्याच वेळी दोन्ही अंडाशयंही काढली. अर्धशिशी जुनी आहे. रक्तदाब ठीक. घरात कुणाला स्तनाचा कर्करोग नाही, मला कधी रक्ताची गुठळी झालेली नाही. औषध म्हणजे इस्ट्राडायॉलचं (अंडाशयांत बनणाऱ्या इस्ट्रोजन या हार्मोनचाच एक प्रकार) जेल, रोज एकदा त्वचेवर लावायचं.

पिशवी काढली म्हणजे काय काय काढलं, हे आपल्याकडच्या निम्म्याअधिक बायकांना माहीत नसतं असं मला आता वाटायला लागलंय. ज्या ओळखीच्या बाईला विचारलं तिने "पिशवी काढली" एवढंच सांगितलं. अंडाशयं आहेत का गेली, तर "ते काय माहीत नाही बाई." म्हणून सांगते, कपाटातलं डिस्चार्ज कार्ड काढून बघा. त्यावर नुसतं 'टीएएच' असेल तर पोटावर छेद देऊन गर्भाशय काढलंय. पुढे 'बीएसओ' लिहिलं असेल तर दोन्ही बाजूंच्या नळ्या आणि दोन्ही अंडाशयंही गेलीत. 'यूएसओ' असेल तर एकाच बाजूचं. हे कळल्याशिवाय हार्मोन घ्यावं की नको हा प्रश्न नीट विचारताच येत नाही.

अंडाशयं शाबूत असतील तर पाळी थांबली तरी शरीरात इस्ट्रोजन तयार होत राहतं. ती नेहमीपेक्षा काही वर्षं आधी थकू शकतात, आणि रक्तस्राव नसल्याने ते पाळीवरून कळत नाही. अंगातून वाफा यायला लागल्या की समजायचं. अंडाशयं काढली असतील तर इस्ट्रोजन एकाएकी खाली येतं. निसर्गाने जे चार-पाच वर्षांत हळूहळू केलं असतं ते ऑपरेशनच्या टेबलावर एका दुपारी होतं.

माझ्या बाबतीत ऑपरेशनआधी अंडाशयांबद्दल मला कुणी विचारलं नाही. ह्यांना बाहेर बोलावून "ठेवून काय करायचंय, उद्या कॅन्सर नको" एवढं सांगितलं आणि सही घेतली. हे लिहिताना आजही मला राग येतो. घराण्यात अंडाशयाचा किंवा स्तनाचा कर्करोग नसेल आणि पाळी जायचं वय झालेलं नसेल, तर चांगली अंडाशयं शक्यतो ठेवतात. ती वेळेआधी काढली की हाडं लवकर ठिसूळ होतात आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. हा निर्णय बाईसमोर ठेवायला हवा, ती शुद्धीवर असताना, तिच्या भाषेत.

त्रास किती होता ते सांगते. काउंटरवर नोटा मोजताना छातीतून जाळ उठून कानापर्यंत चढायचा. बोटं इतकी ओली व्हायची की शंभराच्या दोन नोटा एकमेकींना चिकटून एकच वाटायच्या, म्हणून प्रत्येक बंडल तीनदा मोजायची. काचेपलीकडे रांग, पाठीला ब्लाउज चिकटलेला, आणि मिनिटाभरात अंग थंडगार. रात्री तेच. झोप तुटली की पहाटेपर्यंत टक्क जागी. सांधे आखडायचे, लहानसहान गोष्टीवर रडू यायचं. घरच्यांनी शतावरीची पूड दिली, जवसाची चटणी केली, नाचणीची आंबील रोज सुरू झाली. नाचणी मी अजून सोडलेली नाही, 100 ग्रॅम नाचणीत साधारण साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असतं आणि आमच्या खानापूरकडची नाचणी चवीला फार छान. पण वाफांवर यातल्या कशाचाही मला गुण आला नाही.

मग दुसऱ्या एका डॉक्टर मॅडमकडे गेले. हार्मोनचं नाव निघालं आणि मी घाबरले. "हार्मोन घेतलं की कॅन्सर होतो" हे आमच्याकडे सगळ्यांच्या तोंडी असतं. मॅडमनी ती भीती कुठून आली ते सांगितलं आणि मी नंतर स्वतःही वाचून काढलं. अमेरिकेत 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' नावाचा मोठा अभ्यास झाला. त्यातला इस्ट्रोजन आणि प्रोजेस्टिन (प्रोजेस्टेरॉन या हार्मोनसारखं बनवलेलं औषध) दोन्ही देण्याचा भाग 2002 मध्ये मुदतीआधी थांबवला, कारण स्तनाच्या कर्करोगाचं प्रमाण वाढलेलं दिसलं. वर्षाला दर दहा हजार बायकांमागे साधारण आठ जास्त. त्या बायकांचं सरासरी वय 63 होतं, म्हणजे बहुतेकींची पाळी जाऊन दहा-बारा वर्षं झालेली. गर्भाशय काढलेल्या बायकांना नुसतं इस्ट्रोजन दिलं तो भाग वेगळा होता. तो 2004 मध्ये थांबवला तो पक्षाघाताचा धोका वाढल्यामुळे. स्तनाचा कर्करोग त्या गटात वाढलेला दिसला नाही. त्या दोन्ही गटांत तोंडाने घ्यायच्या गोळ्या होत्या. जगभर गेली ती मात्र पहिल्या भागाची बातमी, आणि तीच अजून आपल्या गल्लीत फिरतेय.

प्रोजेस्टेरॉन का देतात हेही मला इथेच कळलं. गर्भाशय असताना नुसतं इस्ट्रोजन घेतलं तर आतलं अस्तर जाड होत जातं आणि त्यात कर्करोगाचा धोका असतो. ते अस्तर आवरायला प्रोजेस्टेरॉन. माझं गर्भाशयच नाही, म्हणून मला एकटं इस्ट्रोजन पुरतं. निपाणीच्या माझ्या जाऊबाईंची पाळी आपोआप गेली, गर्भाशय जागेवर आहे, त्यांना रात्री प्रोजेस्टेरॉनची कॅप्सूल वेगळी घ्यावी लागते. त्या एकदा म्हणाल्या, "तुझीच ट्यूब एक दे की, बघते लावून." मी दिली नाही. कुणीही देऊ नये.

गोळीऐवजी जेल कशासाठी? गोळी पोटातून आधी यकृतात जाते आणि तिथे रक्त गोठवणारे घटक वाढवते. त्वचेतून जाणारं इस्ट्रोजन थेट रक्तात मिसळतं, त्यामुळे गुठळीचा धोका गोळीपेक्षा कमी. अर्धशिशी असलेल्यांनाही त्वचेवाटे घेतलेलं बरं पडतं, कारण रक्तातली पातळी फार वरखाली होत नाही. सुरू करण्याआधी मॅमोग्राफी, रक्तदाब, रक्तातली चरबी, थायरॉईड आणि हाडांची डेक्सा तपासणी केली. डेक्सात कंबरेची हाडं थोडी विरळ दिसली.

आता वापराविषयी. माझ्या ट्यूबसोबत मापाची पट्टी येते. पूर्ण माप अडीच ग्रॅम, त्यात दीड मिलिग्रॅम इस्ट्राडायॉल. मला आधी अर्धं माप दिलं, महिन्याभराने पूर्ण. दंडावर लावा म्हणतात, पण साडीच्या ब्लाउजची बाही तिथे घट्ट बसते आणि जेल कापडालाच लागतं. मी मांडीच्या आतल्या बाजूला लावते. आंघोळीनंतर अंग पूर्ण कोरडं करून, पातळ थर पसरून, चोळायचं नाही. पाच मिनिटांत वाळतं. तासभर तिथे पाणी नको. स्तनांवर कधीही लावायचं नाही. हात साबणाने धुवायचे.

दोन गोष्टी दुकानदार सांगत नाही. जेलमध्ये अल्कोहोल असतं, वाळेपर्यंत ते पेट घेऊ शकतं. माझी सवय आंघोळ झाली की लगेच देवापुढे निरांजन लावायची. आता पूजा आधी, जेल नंतर, आणि जेल वाळेपर्यंत गॅसजवळ जात नाही. दुसरं, घरात लहान मूल असेल तर लावलेल्या जागेला त्याचा स्पर्श होता कामा नये. मुलांच्या अंगात हे हार्मोन गेलं तर त्यांची छाती वाढू लागल्याची उदाहरणं नोंदलेली आहेत. माझी पुतणी मांडीवर येऊन बसते, म्हणून जागा झाकलेली असतेच.

परिणाम. पहिल्या दोन आठवड्यांत काही नाही, उलट स्तन दुखरे झाले आणि थोडं डोकं धरायचं. मॅडमनी सांगितलं होतं की दुखणं ओसरेल, ते दीड-दोन महिन्यांत ओसरलं. आषाढ अर्ध्यावर आला तेव्हा दिवसाच्या वाफा निम्म्या झाल्या होत्या. गणपतीच्या घाईगडबडीत एका संध्याकाळी लक्षात आलं की दिवसभर एकही आली नाही. त्या रात्री मी सलग झोपले. ज्या बाईने महिनोन्‌महिने झोप पाहिलेली नाही तिलाच याची किंमत कळेल. चिडचिड उतरली. सांध्यांचं आखडणं कमी झालं, पूर्ण गेलं नाही. वजन वाढलं नाही, घटलंही नाही. केस गळायचे तसे गळतातच.

योनीचा कोरडेपणा आणि लघवीची जळजळ मात्र जेलने पुरती गेली नाही. त्यासाठी इस्ट्रिऑल या दुसऱ्या प्रकारच्या इस्ट्रोजनचं मलम वेगळं मिळतं, आतून लावायचं. पहिले दोन आठवडे रोज रात्री, नंतर आठवड्यातून दोनदा. ते रक्तात फारच थोडं उतरतं. ज्या बायकांना अंगभर हार्मोन नको आहे पण हा एवढाच त्रास आहे त्यांनी या मलमाबद्दल जरूर विचारावं. लाजून वर्षानुवर्षं दुखणं अंगावर काढणाऱ्या बायका मी पाहिल्यात, त्यांच्यासाठी हे मुद्दाम लिहितेय. इच्छा कमी झाली ती मात्र तशीच आहे. अंडाशयं थोडं टेस्टोस्टेरॉनही बनवतात, ते या जेलमध्ये नसतं.

हे सगळ्यांसाठी नाही. आमच्या वाड्यातल्या काकींना सहा वर्षांपूर्वी स्तनाचा कर्करोग होऊन गेलाय, त्यांना इस्ट्रोजन देत नाहीत. नैराश्यावर देतात त्या जातीची एक गोळी त्यांना कमी मात्रेत दिली आहे आणि त्यांच्या रात्रीच्या वाफा बऱ्याच उतरल्यात. पूर्वी गुठळी, पक्षाघात, हृदयविकाराचा झटका, यकृताचा आजार किंवा कारण न समजलेला रक्तस्राव असेल तरीही आधी डॉक्टरांशी नीट बोलायला हवं. पाळी जाऊन दहा वर्षं उलटलेल्या किंवा साठी ओलांडलेल्या बाईने नव्याने सुरू करण्याचा हिशेब वेगळा असतो. आणि ज्या बाईला त्रासच नाही, अंडाशयं आहेत, पाळी योग्य वयात गेलीय, तिने काही न घेणं हाही पूर्ण शहाणपणाचा निर्णय आहे. माझ्या आईने काहीच घेतलं नाही आणि ती ठणठणीत आहे.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती चिकोडी-अथणीच्या ऊसपट्ट्यातल्या बायकांची. ऊसतोडीला बीडकडून टोळ्या येतात. त्या जिल्ह्यात तरुण बायकांच्या पिशव्या सर्रास काढल्या गेल्याचं 2019 मध्ये गाजलं होतं. विनाकारण पिशवी काढण्याला आळा घालायला केंद्राने 2022 मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना त्या लागू करायला सांगितलं. पण जिची पस्तिशीतच अंडाशयं गेलीत, तिला पुढची दहा-पंधरा वर्षं हार्मोनची गरज असते हे तिला कोण सांगणार? तिचं कार्ड झोपडीच्या पत्र्यात खोचलेलं, आणि पुढची तोड दुसऱ्याच गावाला. आशाताई आणि नर्सबाईंनी निदान एवढं विचारावं: अंडाशयं ठेवलीत का? नसतील तर अंगदुखीच्या गोळीवर बोळवण न करता तिला तालुक्याच्या दवाखान्यात पाठवावं.

माझ्यापुरतं म्हणाल तर जेल चालू ठेवणार आहे. मॅडमच्या मते साधारण पन्नाशीपर्यंत, म्हणजे पाळी आपोआप जायच्या वयापर्यंत. त्यानंतर मात्रा कमी करून बघायची. वर्षातून एकदा तपासणी, मॅमोग्राफी त्यांच्या सल्ल्याने. संध्याकाळी तासभर चालते, जिना चढते, हाडांसाठी.

गैरसोय एकच, ती म्हणजे मिळणं. गोळ्या स्वस्त आणि कुठेही मिळतात. जेल महाग, आणि खानापूरला माहेरी गेले तर तिथल्या मेडिकलमध्ये ठेवतच नाहीत. बेळगावातही मागवून घ्यावं लागतं, आणि दिवाळीत माल आला नाही तेव्हा चार दिवस खंड पडला. तिसऱ्या दिवशी वाफा परत सुरू झाल्या. म्हणून ट्यूब पिळायला लागायच्या आत, आठवडाभर आधीच दुकानदाराला सांगून ठेवा आणि चिठ्ठी जवळ असू द्या.