रूट कॅनलनंतरचा ठणका: हाताच्या फाइल्स, रोटरी की रेसिप्रोकेटिंग?

रूट कॅनल चालू असताना भूल दिलेली असते, त्यामुळे खरी धास्ती असते ती भूल उतरल्यावरची. एक डॉक्टर दाताच्या मुळातल्या नळ्या फाइलने, म्हणजे कानशीसारख्या खरवडणाऱ्या बारीक सुईने, हाताने साफ करतात, दुसरे रोटरी म्हणजे एकाच दिशेने फिरणारी मशीनवरची फाइल वापरतात, तिसरे रेसिप्रोकेटिंग म्हणजे पुढे-मागे फिरणाऱ्या मशीनवरच्या ‘सिंगल फाइल’ने, एकाच फाइलने, काम उरकतं म्हणतात. यातलं कमी दुखणारं कोणतं? माझं मत आधीच सांगून टाकावं: हात आणि मशीन यांत फरक आहे आणि तो मशीनच्या बाजूने आहे. मात्र दोन मशीनमधला फरक इतका नाही की त्यापायी भरवशाचा डॉक्टर बदलावा.

दुखतं कशामुळे, हे कळलं की निवड सोपी होते. दाताच्या मुळाच्या टोकाला बारीकसं छिद्र असतं, बहुधा अर्ध्या मिलिमीटरहून लहान. नळी खरवडताना दाताचा चुरा, कुजलेल्या नसेचे तुकडे आणि जंतू निघतात. त्यातलं थोडं या छिद्रातून पलीकडच्या हाडाकडे ढकललं जातं. तिथे दाह होतो आणि घास चावला की दात ठणकतो. चुरा अजिबात बाहेर जात नाही अशी पद्धत अजून निघालेली नाही. प्रश्न फक्त कमी-जास्तीचा.

हाताच्या फाइल्स स्टेनलेस स्टीलच्या असतात. जुन्या पद्धतीत फाइल खाली सारायची, वर ओढायची, पुन्हा सारायची. प्रत्येक वेळी खाली जाताना ती पुढ्यातला चुरा टोकाकडे रेटते. म्हणून दुखण्याच्या तुलनेत ही पद्धत मागे पडते. पण हाताने काम म्हणजे सरसकट वाईट, असंही नाही. १९८५ साली मांडलेल्या ‘बॅलन्स्ड फोर्स’ पद्धतीत फाइल रेटण्याऐवजी हलक्या दाबाने उलटसुलट फिरवतात, तेव्हा चुरा बराच कमी ढकलला जातो. नळी फार अरुंद असली तर वाट शोधायला हाताचीच फाइल लागते. टोकाशी ०.१० मिलिमीटर जाडीची १० नंबरची फाइल मशीनवाले डॉक्टरही आधी हातानेच घालतात. एक मात्र खरं, हाताने वेळ जास्त लागतो आणि तोंड उघडं ठेवून जबडा आखडतो.

रोटरी फाइल्स निकेल-टायटॅनियमच्या. हा लवचीक धातू फाइलसाठी वापरून पाहिल्याचं काम १९८८ साली प्रसिद्ध झालं. ही फाइल वाकड्या नळीतही वळणाने जाते आणि एकाच दिशेने फिरत राहते. लाकडात ड्रिल घातल्यावर भुसा जसा खाचांतून वर येतो, तसा इथे चुरा तोंडाच्या बाजूला येतो. शिवाय काम वरून खाली करत जातात, त्यामुळे वरची घाण आधीच निघालेली असते. रुग्णांवरच्या तुलनांमध्ये पहिल्या एक-दोन दिवसांतलं दुखणं हातापेक्षा रोटरीत कमी आढळतं. आठवड्याभरात हा फरक जवळजवळ पुसला जातो.

रेसिप्रोकेटिंग फाइल पुढे-मागे फिरते. एका प्रचलित प्रकारात १५० अंश एकीकडे, ३० अंश उलट. असं तीनदा पुढे-मागे झालं की एक पूर्ण वर्तुळ. झटक्याने उलट फिरल्यामुळे धातूवर ताण कमी येतो आणि बऱ्याचदा एकाच फाइलमध्ये नळी तयार होते. दुखण्याचं काय? काही अभ्यासांत रोटरीपेक्षा जास्त, काहींत कमी, काहींत सारखंच. एका फाइलवर सगळा भार पडतो आणि डॉक्टरांनी घाईने दाबली तर तीही चुरा पुढे ढकलते. वेळ वाचतो, हाच तिचा पक्का फायदा.

याहून मोठा वाटा इतर गोष्टींचा आहे. उपचाराआधीच दात ठणकत असेल, तर नंतर दुखण्याची शक्यता कुठल्याही पद्धतीत वाढते. २०११ सालच्या एका मोठ्या आढाव्यात पहिल्या २४ तासांत सुमारे ४० टक्के रुग्णांना दुखलं. आठवड्यानंतर हे प्रमाण ११ टक्क्यांवर आलं. फाइल मुळाच्या टोकापलीकडे गेली, तर महागडं मशीनही वाचवत नाही. म्हणून डॉक्टरांना मशीनचं नाव विचारण्याऐवजी विचारावं: नळीची लांबी एपेक्स लोकेटरने (मुळाचं टोक कुठे आहे ते दाखवणाऱ्या उपकरणाने) मोजता ना, एक्स-रेवर पडताळता ना? नळी धुण्याचं औषध बाजूला छिद्र असलेल्या सुईने, दाब न देता सोडता ना? ही उत्तरं नीट मिळाली आणि हात की मशीन एवढीच निवड उरली, तर मशीन घ्यावं. रोटरी की रेसिप्रोकेटिंग, ते डॉक्टरांचा हात ज्यावर बसलाय त्यावर सोडावं.

एकाच सीटिंगमध्ये सगळं उरकलं तर पहिल्या आठवड्यात किंचित जास्त दुखू शकतं. वेदनाशामक कोणतं आणि कधी, हे भूल उतरण्याआधीच डॉक्टरांना विचारून ठेवावं, विशेषतः किडनीचा किंवा अल्सरचा त्रास असेल तर. अँटिबायोटिकने हा ठणका थांबत नाही. दुखणं दिवसागणिक वाढत गेलं, गाल सुजला किंवा ताप आला, तर मात्र पद्धत कोणतीही असो, त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.