संच एक, कला दोन : डेकूपाजच्या एका संचाविषयी

आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावापर्यंत कुरियरवाला येत नाही. पार्सल तालुक्याच्या ठिकाणी एका स्टेशनरीच्या दुकानात येऊन पडते आणि आठवडी बाजाराला जाणारे कोणीतरी ते सोबत घेऊन येते. एप्रिलच्या अखेरीस मागवलेला, नवशिक्यांसाठी म्हणून विकला जाणारा डेकूपाजचा, म्हणजे कागदी चित्रे कापून चिकटवण्याच्या कलेचा, संच असाच मे महिन्यात माझ्या हाती पडला. त्यासाठी ७४९ रुपये मोजले. खोक्यात एमडीएफचा (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीचा) एक ट्रे, चार गोल कोस्टर, फुलापाखरांची चित्रे छापलेले कार्डशीटचे बारा कागद, दोन तीनपदरी पेपर नॅपकिन, पांढऱ्या गोंदाची १०० मिलिलिटरची बाटली, व्हार्निशची ५० मिलिलिटरची बाटली, स्पंजचा एक ब्रश, पॉलिश पेपरचा तुकडा आणि एक माहितीपत्रक एवढे साहित्य होते. साहित्य वाईट नाही, हे आधीच सांगते. माझी तक्रार माहितीपत्रकाविषयी आहे आणि ती समजण्यासाठी या कलेत कागदाच्या जाडीला किती महत्त्व आहे ते पाहावे लागेल.

छापील चित्रे कापून लाकडावर चिकटवायची आणि त्यांवर व्हार्निशचे इतके थर द्यायचे की कागदाची कड हाताला लागू नये, म्हणजे चित्र रंगवलेलेच वाटते, ही डेकूपाजची मूळ कल्पना. नाव फ्रेंच आहे आणि त्याचा अर्थ ‘कापून काढणे’ एवढाच. अठराव्या शतकात व्हेनिसच्या कारागिरांनी चीन आणि जपानमधल्या महागड्या लाखकामाची स्वस्त नक्कल म्हणून ही पद्धत फर्निचरवर वापरली, त्यामुळे तिला तिकडे ‘गरिबांचे लाखकाम’ अशा अर्थाचे नाव पडले. त्याच शतकात इंग्लंडमध्ये मेरी डेलनी या बाईंनी वयाची सत्तरी ओलांडल्यावर रंगीत कागदाचे बारीक तुकडे कापून फुलांची हजाराच्या आसपास चित्रे केली. ती आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. निवृत्तीनंतर कात्री हाती घेणाऱ्या माझ्यासारख्या शिक्षिकेला ही माहिती धीर देणारी वाटली, म्हणून इथे नोंदवली.

आता कागदाकडे वळते. कागदाची जाडी जीएसएममध्ये सांगतात, म्हणजे एक चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधले वजन. झेरॉक्सचा साधा कागद ७० ते ८० जीएसएमचा असतो आणि नॅपकिनचा सुटा केलेला एक पदर त्याच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास भरतो. या संचातल्या कार्डशीटवर २५० हा आकडा छापलेला आहे. बऱ्यापैकी लग्नपत्रिका हातात धरली की जो भरीवपणा जाणवतो, तोच हा. जाडी दुप्पट झाली की कागदाचा ताठपणा दुप्पट होत नाही, तो जवळजवळ आठपट होतो. म्हणून झेरॉक्सचा कागद जिथे मुकाट्याने बसतो, तिथे कार्डशीट उठून उभे राहते. शिवाय ओला गोंद लागताच कागदाचा खालचा भाग पाणी पिऊन फुगतो आणि वरचा कोरडाच राहतो, त्यामुळे कडा वर वळतात.

माहितीपत्रकात याविषयी एक शब्द नाही. ‘चित्र कापा, गोंद लावा, चिकटवा, वाळू द्या, व्हार्निश लावा’ अशा पाच ओळी कार्डशीट आणि नॅपकिन या दोघांनाही एकसारख्या लागू केल्या आहेत. मी त्या ओळींबरहुकूम पहिले कोस्टर केले तेव्हा बाहेर पारा पंचेचाळिशीला टेकला होता, गोंद लावून चित्र नीट धरेपर्यंत त्यावर साय धरली होती, आणि दुपारी चारपर्यंत गुलाबाच्या सगळ्या पाकळ्या वाळक्या पळसपानासारख्या वर वळल्या होत्या. कूलर सुरू केला तर गोंदाला थोडी सवड मिळते, पण त्याच्या वाऱ्याने धूळ येऊन ओल्या व्हार्निशवर बसते. शेवटी पहाटे पाच ते सात हीच वेळ मी ठरवून टाकली.

पुढची दोन कोस्टरे बिघडवता बिघडवता जी रीत हाती आली ती अशी. चित्र कापताना कात्री किंचित तिरपी धरावी, म्हणजे कड आतल्या बाजूला उतरती होते आणि वरून पांढरी रेघ दिसत नाही. कापलेल्या चित्राची मागची बाजू पॉलिश पेपरने हलकेच घासावी, विशेषतः कडांशी. नंतर मागून ओलसर स्पंज फिरवून पाच मिनिटे थांबावे, म्हणजे कागदाला जे काय फुगायचे असेल ते चिकटण्याआधीच फुगून घेईल. गोंद लाकडाला आणि कागदाला, दोन्हीकडे पातळ लावावा. वर प्लास्टिकचा कागद ठेवून मधून कडेकडे लाटणे फिरवावे आणि वरवंटा ठेवून रात्रभर विसरून जावे. (लाटणे वेगळे ठेवा, नाहीतर पोळीला गोंदाचा वास येतो, असे घरातून ऐकावे लागते.) चौथे कोस्टर असे केले आणि ते आजही सपाट आहे.

तरीही कार्डशीटची कड बोटाला लागतेच. ती बुडवायची तर व्हार्निशचे वीस-पंचवीस थर द्यावे लागतील आणि ५० मिलिलिटरमध्ये ट्रे व कोस्टरे मिळून जेमतेम चार थर होतात. इथे मला पहिल्यांदा शंका आली की या कामासाठी हा कागद नसावाच. बारा कागद पुन्हा मांडून पाहिले तेव्हा लक्षात आले की चित्रे चारच आहेत आणि प्रत्येकाच्या तीन-तीन प्रती दिल्या आहेत. सपाट चिकटवण्यासाठी एकाच गुलाबाच्या तीन प्रती कशाला लागतील? त्या लागतात उठावाच्या डेकूपाजला. त्यात पहिली प्रत पूर्ण चिकटवतात, दुसरीतून फक्त फूल आणि पुढची पाने कापतात, तिसरीतून अगदी वरच्या पाकळ्या, आणि प्रत्येक थराखाली फोमच्या दुहेरी टेपचे तुकडे लावून चित्राला खोली आणतात. पाकळ्यांना चमच्याच्या पाठीने थोडी गोलाई दिली की फूल कागदातून वर आल्यासारखे दिसते. या कामाला कार्डशीटच लागते, कारण पातळ कागद टेपवर लोंबतो. म्हणजे खोक्यात दोन वेगळ्या कलांचे साहित्य आहे आणि माहितीपत्रक एकाच कलेचे, तेही नॅपकिनच्या. फोमची टेप तर दिलेलीच नाही. ती मी त्याच स्टेशनरीच्या दुकानातून तीस रुपयांना आणली आणि एका जुन्या लाकडी डबीच्या झाकणावर तीन थरांचा गुलाब बसवला. संपूर्ण संचातले सर्वांत देखणे काम तेच झाले, आणि त्याविषयी विक्रेत्याने चकार शब्द लिहिलेला नाही.

नॅपकिनची परीक्षा तान्ह्या पोळ्याच्या, म्हणजे मुले लाकडी नंदी सजवून मिरवतात त्या सणाच्या, निमित्ताने झाली. शेजारच्या मुलीला तिच्या लाकडी नंदीवर झूल चितारायची होती. ती आधी कार्डशीटवरचे फुलपाखरू नंदीच्या पाठीवर दाबून बसली आणि थोड्या वेळाने म्हणाली, “हा कागद तं वाकूनच नाही राह्यला वो काकू.” गोलाईवर तो वाकणारच नव्हता. मग नॅपकिनचे मागचे दोन पांढरे पदर सोडवले, नंदीला आधी पांढरा रंग दिला (लाकडावर थेट लावले तर पातळ पदरातून खालचा रंग दिसतो), छापील पदर कोरडाच ठेवून वरून पाणी मिसळलेला गोंद स्पंजने टिपला, आणि झूल अंगाबरोबर बसली. वशिंडापाशी दोन सुरकुत्या राहिल्या, त्या तिने टिकल्यांखाली झाकल्या. मात्र पावसाळी हवेत व्हार्निश चार दिवस बोटाला चिकटत होते, तेव्हा सणाच्या आदल्या दिवशी हे काम काढू नये.

साहित्याविषयी थोडक्यात सांगायचे तर एमडीएफचे काप स्वच्छ आहेत, गोंद चांगला आहे, पण संपल्यावर लाकडाचा साधा पांढरा गोंद थोडे पाणी घालून तेवढेच काम देतो. स्पंजचा ब्रश तिसऱ्या दिवशी दांड्यापासून सुटला. व्हार्निश पाण्यात मिसळणारे असल्याने वास येत नाही, पण उष्णतेने मऊ पडते : चहाचा गरम ग्लास कोस्टरवर ठेवला तर उचलताना कोस्टरही सोबत उचलले जाते. ट्रेवर पाणी सांडले तर लगेच पुसावे लागते आणि त्यात उघडे खाद्यपदार्थ ठेवू नयेत. ही दोन वाक्ये खोक्यावर छापायला हवी होती.

विक्रेत्याला माहितीपत्रकाविषयी दोनदा लिहिले. उत्तरादाखल पुढच्या खरेदीवर दहा टक्के सवलतीचे कूपन आले. ते मी वापरणार नाही, कारण पुढच्या वेळी या संचाची गरजच पडणार नाही. घरात गेल्या हंगामातल्या चाळीसेक लग्नपत्रिका पडून आहेत. एकाच लग्नाच्या दोन-तीन प्रती सासर-माहेरच्या नात्यांनी येतातच, म्हणजे उठावाच्या कामाला लागणारी सारखी चित्रे फुकट मिळतात. फक्त प्लास्टिकचे आवरण चढवलेल्या गुळगुळीत पत्रिका बाजूला काढाव्यात, त्यांवर पांढरा गोंद धरत नाही. स्वतःची चित्रे छापून घ्यायची असतील तर लेझर प्रिंटरवरच घ्यावीत, कारण इंकजेटची शाई ओल्या गोंदाने पसरते. संच घ्यायचाच असेल तर ७४९ ही किंमत मला दीडशे रुपयांनी जास्त वाटते, आणि त्यासोबत फोमची टेप वेगळी मागवावी लागेल हे धरून चालावे.