वेरूळचा एक दिवस: गाइडला पाच स्टार, आमच्या प्लॅनला दोन

लातूर ते श्रीनगर कारनं जायलोत दोघंच, आणि पहिला मुक्काम कुठला तर आपलाच मराठवाडा. पंजाब, काश्मीर बघायला निघालेली माणसं, पण वेरूळ मी पाचवीच्या सहलीला एकदा बघितलेलं, तेही बसमध्ये उलट्या करत. मग म्हटलं, पुढं जायच्या आधी हे बघायचंच.

ह्यांनी सगळा प्रवास एक्सेलमध्ये बसवलेला, त्यात वेरूळ मंगळवारी! शेजारच्या काकूंनी सहज सांगितलं म्हणून कळलं की मंगळवारी वेरूळ बंद असतंय (अजिंठा सोमवारी). एक दिवस उशिरा निघालो. तर पहिली टीप हीच.

संभाजीनगरला रात्री मुक्काम करून सकाळी उजाडता उजाडता निघालो, साधारण तीस किलोमीटर आहे. प्लॅनमध्ये आधी दौलताबाद होतं, मी म्हटलं ऊन चढायच्या आत लेणी बघू, किल्ला कुठं पळून जात नाही. हे बरोबर निघालं, कारण दहानंतर सहलीच्या बसा आल्या की कैलास लेण्यात फोटो काढायलाही कोपरा मिळत नाही.

आता गाइडचं. गेटवर गाइड मागं लागतात, मला आधी वैतागच आला, पण एक वयस्कर काका नुसते बाजूला उभे होते, गळ्यात ओळखपत्र, त्यांनाच विचारलं. नांदेडचं एक कुटुंब होतं, त्यांच्यासोबत पैसे वाटून घेतले. सांगते, ह्या दिवसातला सगळ्यात चांगला खर्च हाच. एकूण 34 लेणी, पहिली 12 बौद्ध, मग 17 हिंदू, शेवटची 5 जैन, हे बोर्डावरही वाचता येतंय. पण 10 नंबरच्या लेण्यात वर बघा म्हणाले, तर छताला लाकडी वाशांसारख्या फासळ्या, सगळ्या दगडातच कोरलेल्या. सुतार की झोपडी का म्हणतात ते तेव्हा कळलं.

कैलास म्हणजे 16 नंबर. आमचे हे बांधकाम कॉन्ट्रॅक्टर. काका म्हणाले, राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला, आठवं शतक, आणि हे देऊळ वरून खाली कोरत आणलंय, म्हणजे आधी कळस आणि सगळ्यात शेवटी जोतं, मधे चुकलं तर चिकटवायला दगड नाही. हे एकदम गप्प. किल्लारीच्या भूकंपानंतर आमच्याकडं घर म्हटलं की आधी पाया खोल किती हेच बोलणं, आणि इथं पायाच शेवटी! खाली जोत्याला हत्ती आहेत, अख्खं देऊळ पाठीवर घेतल्यासारखे, त्यांच्याजवळ हे पाऊण तास बसून राहिले. ज्या माणसाच्या एक्सेलमध्ये कैलासला चाळीस मिनिटं होती तो! मीच शेवटी म्हटलं, अहो चला, तर मलाच म्हणाले, "कामून एवढी घाई करायलीस?" मग डोंगराच्या बाजूनं वर चढलो, वरून मंडपाच्या छतावरचं कमळ आणि चार सिंह दिसतात. गाइड नसता तर आम्ही खालूनच परत आलो असतो.

जैन लेणी लांब आहेत, चालत जायचा हट्ट करू नका, आतली गाडी घ्या. इंद्रसभा बघाच.

जेवण मात्र वाया. रस्त्यालगतच्या एका हॉटेलात थाळी घेतली, भाकरी गार, पिठल्यात पाणी, आणि ठेचा मागितला तर लोणच्याची पुडी आणून ठेवली. मराठवाड्यात! नाव घेत नाही, पण जिथं बाहेर टुरिस्ट बसा उभ्या तिथं जाऊ नका, सरळ डबा घेऊन या.

घृष्णेश्वराचं दर्शन पंधरा मिनिटांत झालं, गाभाऱ्यात जायचं तर पुरुषांना शर्ट काढावा लागतो, ह्यांची बनियन फाटकी निघाली तेवढंच.

मग परत मागं दौलताबादला, तिथं आमचा प्लॅन हुकला. पायात जीवच नव्हता. चांदमिनार खालून बघितला, मेंढा तोफेपर्यंत गेलो, पुढं अंधारीत, म्हणजे किल्ल्यातल्या काळोख्या भुयारी वाटेत, हे एकटेच गेले आणि वटवाघळांचा वास घेऊन आले. मी खाली सीताफळं घेत बसले. किल्ल्याला वेगळा अर्धा दिवस द्या, वेरूळच्या दिवशी उरकायची ही वस्तू नाहीच. खुलताबादला तर थांबलोच नाही, भद्रा मारुतीला गाडीतूनच हात जोडले.

ह्या सगळ्यात कन्नडचा घाट अंधारात उतरावा लागला, हे म्हणायलेत तुझ्या सीताफळांमुळं. चाळीसगावला लॉजवर पोचलो तेव्हा पिशवीतली चार फुटलेली होती, ती दोघांनी वर्तमानपत्रावर बसून खाल्ली, आणि हे मोबाईलवर कैलासच्या हत्तींचे फोटो मोठे करून करून बघत होते.