मेम्ब्रेन शटरची सुटलेली फॉइल: चिकटवणे, रंगवणे आणि बदलणे यांचा अनुभव

आमच्या नागपूरच्या घरातील ओट्याखालच्या कपाटांना एमडीएफवर (लाकडी तंतू दाबून बनवलेल्या फळीवर) पीव्हीसी फॉइल, म्हणजे प्लास्टिकचा पातळ थर, चढवलेली दारे आहेत. मिस्त्री त्यांना मेम्ब्रेन शटर म्हणतात. गेल्या दिवाळीपूर्वी फॉइल सुटलेल्या दारांपैकी काही चिकटवून घेतली, एक रंगवले आणि शेगडीलगतची बदलली. आता एक अख्खा उन्हाळा आणि निम्मा पावसाळा उलटल्यावर तिन्हींतला फरक स्पष्ट दिसतो.

ही फॉइल कारखान्यात तापवून, उष्णतेने सक्रिय होणाऱ्या गोंदावर दाबाखाली बसवलेली असते. त्यामुळे पुन्हा पुरेशी उष्णता मिळाली की तोच गोंद मऊ पडतो, आणि शेगडीशेजारची किंवा कुकरची वाफ थेट अंगावर घेणारी दारे सर्वांत आधी सुटतात. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर असताना बंद स्वयंपाकघरात सकाळचा स्वयंपाक चालतो, तेव्हा या गोंदाला उसंतच मिळत नाही. सुटलेली फॉइल आक्रसते, ही अधिक अडचणीची गोष्ट. ती ताणून जागेवर आणली तरी कडेला एमडीएफची तपकिरी रेघ उघडी राहते आणि पाणी नेमके तिथूनच आत शिरते.

चिकटवलेल्या दारांपैकी भांड्यांच्या कपाटाचे दार अजून घट्ट आहे, कारण तिथे ना आच पोहोचते ना पाणी. सिंकखालच्या दारालाही त्याच रबरी सोल्यूशनचा (रबरी गोंदाचा) हात फॉइल आणि एमडीएफ दोन्हींवर देऊन, थोडे सुकवून, शिकंजात आवळले होते. तरी उन्हाळ्यातच त्याचा खालचा कोपरा पुन्हा उचलला गेला. आतला एमडीएफ आधीच फुगला होता आणि फुगलेला एमडीएफ पूर्वीसारखा कधीच होत नाही, मग गोंद कोणताही वापरा.

रंगवलेल्या दाराची फॉइल हीट गनने तापवल्यावर सलग निघाली. खरे काम त्यानंतरचे होते. एमडीएफच्या कडा प्रायमर अक्षरशः पितात, म्हणून त्यांना पुन्हा पुन्हा हात देऊन प्रत्येक वेळी पॉलिश पेपर मारावा लागला. वर पीयू (पॉलीयुरेथेन) रंग दिला. आज पृष्ठभाग उत्तम आहे, फक्त मुठीजवळ नखांचे ओरखडे दिसतात. मजुरी मात्र नव्या दाराच्या जवळपास गेली, त्यामुळे साध्या सपाट दारासाठी हा खटाटोप मी सुचवणार नाही.

बदललेल्या दारांसाठी लकडगंजातून आयएस ७१० शिक्क्याचे (मरीन प्लायच्या भारतीय मानकाचे) १६ मिमी प्लाय आणले. समोर १ मिमी सनमायका, आतून पातळ लायनर (आतल्या बाजूचा लॅमिनेट) आणि चारही कडांना २ मिमी पीव्हीसी पट्टी लावली. मिस्त्रींचा आग्रह १९ मिमीचा होता. परंतु जुनी दारे १८ मिमीची होती. दोन्ही बाजूंच्या थरांसह १९ मिमीचे दार २० मिमीच्या वर जाते आणि कोपऱ्यातली दारे एकमेकांना घासू लागतात. १६ मिमीमुळे जाडी जुळली आणि ३५ मिमीच्या कपाची (दारात खोदलेल्या गोल खाचेत बसणारी) जुनी बिजागरेही चालली. शेगडीलगत यांतल्या एकाही दाराची कड अद्याप उचललेली नाही. शेजारच्या जुन्या दारांशी रंगछटा मात्र जुळत नाही, आणि दुपारच्या उजेडात ती तफावत डोळ्यांना खुपते.